उस्मानपुऱ्यातलं अमेरिकेचं यादवी युद्ध

अमेरिकेतली उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या जिवावर का उठली, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरातली उत्तर आणि दक्षिण कूलरवरून भांडत होती, हे मात्र उस्मानपुऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मधे एक लांबट बैठक, तिच्या उत्तरेला आमची खोली, दक्षिणेला नानांची आणि मागं सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, असं ते घर. दादा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. नाना त्यांचे धाकटे भाऊ. ते गुलमंडीवरच्या एका कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढं ठाणं उलगडायचे आणि परत गुंडाळायचे. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. उन्हाळा आहे तोच आहे. त्या उन्हाळ्यावर आमचा एकच इलाज होता, तो म्हणजे बैठकीतल्या लोखंडी घोडीवर बसवलेला पत्र्याचा कूलर. त्यात बादलीनं पाणी ओतलं की घरभर ओल्या गवताचा वास सुटायचा, आणि आवाज असा व्हायचा की पिठाची गिरणी बरी. होळी झाली की आमच्या घरात कुणी हळू बोलतच नसे. गुपितं सगळी हिवाळ्यात उरकून घ्यायची.

कूलरचं तोंड आमच्या खोलीकडं असायचं, कारण दादा थोरले. याच्यापलीकडं काही कारण नव्हतं आणि इतकी वर्षं कुणी विचारलंही नव्हतं. पण त्या वर्षी नानांच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. दोघं भाऊ दुपारी जेवायला घरी यायचे; एक दिवस नाना आले, सदरा काढला, भिंतीला पाठ घासत उभे राहिले आणि म्हणाले, "दादाला वारा, आन आम्हाला नुसता आवाज! मी किती वर्षं आवाज खायचा?" दादा ताटावरून म्हणाले, "पंखा हाय की तुझ्याकडं." नाना म्हणाले, "पंखा गरम वारा फेकतो. मला वाटणी पाहिजे. हे घर विका, पाचोडचं शेत तोडा आन ज्याचं त्याला देऊन टाका." दादा म्हणाले, "दे म्हणलं की द्यायला ती काय चटणी हाय?" त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

आता ही वाटणी म्हणजे माझं मरण होतं. मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षा उन्हाळ्याच्या शेवटी होती. घर विकलं की दादा पाचोडला, आमच्या गावी, बिऱ्हाड हलवणार आणि रोज बसनं कचेरी गाठणार, हे त्यांनी आईला सांगून टाकलं होतं. पाचोडला गेलेली मुलगी परत शहरात शिकायला येत नाही, तिला बघायला लोक येतात. त्यात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, आप्पांना बोलवायचं ठरलं. आप्पा म्हणजे दादांचे मामा. पाचोडात कुणाचीही वाटणी त्यांच्याशिवाय व्हायची नाही, आणि आप्पा एकदा येऊन बसले की वाटणी झाल्याशिवाय उठायचे नाहीत. माझी परीक्षा आखाजीनंतर होती. मी देवाला रोज सांगत होते, बाबा, आप्पांची बस बंद पडू दे.

अभ्यासाला मी 'अमेरिकेचा राजकीय, सामाजिक आणि लष्करी इतिहास' हा विषय घेतला होता. त्याला अमेरिकेबद्दलचं कुतूहल वगैरे काही कारण नव्हतं. त्याचा तास सकाळी आठला असायचा आणि दुसऱ्या ऐच्छिक विषयाचा दुपारी दोनला, पत्र्याच्या खोलीत. आम्ही सगळ्यांनीच अमेरिका घेतली. शेखसर शिकवायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "बेटा, जंगां सब याद रखते, वजह कोई नै याद रखता. पहले वजह पढो." मी मान डोलावली आणि घरी येऊन लढायांपासून सुरुवात केली. कारणांचं प्रकरण जाडजूड होतं, लढायांत मजा होती. कारणं शेवटी बघू म्हटलं.

माझी खोड अशी की मनात वाचलेलं मला कळतच नाही. मोठ्यानं वाचावं लागतं, आणि कूलरपुढं बसून मोठ्यानं वाचायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळं अमेरिकेचं यादवी युद्ध आमच्या घरात भोंग्यासारखं घुमायला लागलं. पहिले दोन दिवस कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ओरडले, "दक्षिणेकडच्या राज्यांनी वेगळं होण्याचा निर्णय घेतला!" तर नानांच्या खोलीतून आवाज आला, "कुणी गं?"

"दक्षिणेकडच्या राज्यांनी, नाना!"

"वेगळे निघाले? आपला हिस्सा घेऊन?"

"हो!"

"बरोबर केलं! लई बरोबर केलं!"

इकडं उत्तरेच्या खोलीतून दादा कडाडले, "काय बरोबर केलं? घर फोडलं त्यांनी! वाच गं पुढं, उत्तर काय म्हणाली?" मी वाचलं, की उत्तरेचा अध्यक्ष म्हणाला, देश एक आहे, फुटू देणार नाही. "शाब्बास," दादा म्हणाले. त्या क्षणापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले.

नावं कुणाच्या तोंडात बसली नाहीत. अध्यक्ष म्हणजे उंच टोपीवाला, उत्तरेचा सेनापती म्हणजे सिगारवाला आणि दक्षिणेचा म्हणजे पांढऱ्या दाढीवाला. आईनं त्या दाढीवाल्याचा घोडा तेवढा लक्षात ठेवला. रोज विचारायची, "घोडा बरा हाय ना?" दक्षिणेनं पहिली मोठी लढाई जिंकली, त्या दिवशी नानांनी दुकानातून येताना जिलेबी आणली आणि घरभर वाटली. दादांनी घेतली नाही. म्हणाले, दाढ दुखतीय. थोड्या वेळानं त्याच दाढेनं त्यांनी शेंगदाण्याचा लाडू फोडून खाल्ला.

भावाभावांचं बोलणं बंद होतं ते आता अमेरिकेमार्फत सुरू झालं. दादा म्हणायचे, "मंदे, दक्षिणेला विचार, कूलरमधी पाणी कुणी ओतायचं?" मंदा म्हणजे मी. नाना पलीकडून म्हणायचे, "उत्तरेला सांग, ज्याचा वारा त्याची बादली." दोघांच्या मधे मी पुस्तक घेऊन बसलेली, आणि दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत असताना मी ते परत सांगायचं. युद्धात उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली, हे वाचल्यावर दादांनी काय करावं? त्यांनी साखरेचा डबा उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवला. "नाकेबंदी," म्हणाले. कचेरीत बत्तीस फायली एका नजरेत ओळखणारा माणूस हा! काकू, म्हणजे नानांची बायको, दोन दिवस गूळ घालून चहा करत होती.

काकूचं आणि आईचं मात्र तसूभरही वाकडं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या युद्धात सगळ्यात जास्त मजा त्या दोघींनी केली. मी वाचलं होतं, की उत्तरेच्या शिपायांना दगडासारखी कडक बिस्किटं मिळायची. ती बंदुकीच्या दस्त्यानं फोडून कॉफीत बुडवून ते खायचे. काकू म्हणाली, "म्हंजी शिळी भाकरी चहात." मी म्हटलं, व्हय, तसंच. झालं, आईनं भाकरी गच्चीवर वाळत घातली आणि दादांच्या ताटात ठेवली. दादांनी ती वरवंट्यानं फोडली, पण खाल्ली. मग मी वाचलं, की दक्षिणेला कॉफी मिळेना म्हणून तिथले लोक भेंडीच्या बिया भाजून त्यांची कॉफी प्यायचे. दोघी एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या, की आईला उचकी लागली. संध्याकाळी नानांपुढं कपभर काळं पाणी आलं. घराला धुराचा वास लागलेला. नानांनी एक घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दादा दारातून बघत होते. "चांगली हाय," नाना म्हणाले आणि कप रिकामा केला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आता माझी नात म्हणते, आजी, एवढं भांडत होते तर दुसरा कूलर का नाही घेतला? कपाळ! भांडण कूलरचं असतं तर घेतला असता. नाना पन्नाशीकडं झुकले होते आणि त्यांना घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला त्यांनी खांद्यावर बसवून वाढवलं, माझ्या शाळेची पहिली पाटी त्यांनी आणली. असा माणूस माझ्या शिक्षणाच्या मुळावर उठलाय, याचा मला भयंकर राग यायचा. आणि तोच माणूस रोज दुपारी जेवण टाकून "मंदे, दाढीवाल्याचं पुढं काय झालं?" म्हणून समोर येऊन बसायचा. मग राग कुठं जायचा कोण जाणे. मी वाचायला लागायची.

आप्पा यायच्या आदल्या दिवशी सुजाता आली. सुजाता माझी वर्गमैत्रीण, हर्सूलहून सायकल मारत यायची. तिचे वडील धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले, शाळेत मास्तर. त्यांच्या घरात पुस्तकांचं एक भलंमोठं कपाट होतं, आणि त्यातलं पुस्तक मागितलं की आधी हात धुवायला लावायचे. दुपारची वेळ. नाना बैठकीत जेवायला बसले होते, कूलर घरघरत होता. "ये पोरी, बस," नाना ओरडले. "तू कुणाकडून? उत्तर का दक्षिण?"

सुजाता आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं. "काका, तुम्ही दक्षिणेकडून?"

"मग! बिचारे हक्काची वाटणी मागत होते."

सुजातानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला पाय आखडून घ्यावेसे वाटले. "मंदे, तू यांना कारणं वाचून नाही दाखवलीस?"

"लांबलचक आहेत गं. शेवटी ठेवलीत."

उठून तिनं आधी कूलर बंद केला. त्या उन्हाळ्यात दिवसाढवळ्या घर पहिल्यांदाच शांत झालं. स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा थांबली. मग तिनं पुस्तक घेतलं, पहिल्या प्रकरणाची पानं काढली आणि साध्या आवाजात वाचायला लागली. दक्षिणेच्या शेतांवर राबायला माणसं विकत आणलेली होती. त्यांना फळीवर उभं करून बोली लावायचे. ती माणसं तशीच ठेवता यावीत, म्हणून दक्षिणेला वेगळं व्हायचं होतं. बोली लावायच्या आधी गिऱ्हाईक पुढं येऊन त्या माणसांचे दात बघायचं.

"दात?" नाना म्हणाले. "म्हंजी पाचोडच्या बाजारात बैलाचे बघत्यात तसे?"

"तसेच, काका. आई एका गिऱ्हाइकानं घेतली, तर लेकरू दुसऱ्यानं."

"आन मग ते लेकरू?"

"गेलं. परत भेट नाही."

नानांचा घास हातातच राहिला. दादा कधी येऊन दारात उभे राहिले होते, ते मला कळलं नाही. सुजातानं पुस्तक मिटलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "आमच्या घरी हे पुस्तक इथून सुरू करतात," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही बांधावरून आणि वाऱ्यावरून भांडणारी माणसं, आम्हाला अमेरिकेतसुद्धा वाटणीच दिसली. फळीवर उभी केलेली माणसं त्याच पुस्तकात होती, पण ती बघायला आमच्या घरात दुसऱ्या घरातली मुलगी यावी लागली.

नाना हात धुऊन आले आणि काकूला म्हणाले, "लई वाईट पक्षात गेलो गं आपण." काकू म्हणाली, "आपण? मी कवा गेले? मी नुसत्या बिया भाजल्या." संध्याकाळी नानांनी मला हळूच बोलावलं. "मंदे, उत्तरेला सांग, आम्ही काय दक्षिण नाय." मी ओरडून सांगितलं. दादांनी विचारलं, "मग कोण हाय म्हणावं?" नानांनी कूलरकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "आप्पा आल्यावर बघू." म्हणजे वाटणी होणारच होती. मी पुस्तकं बांधायला घेतली.

आप्पांची बस काही बंद पडली नाही. आखाजीच्या सकाळी आप्पा आले, पागोटं मांडीवर ठेवून बैठकीत बसले आणि म्हणाले, "बोला." आई, काकू आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी. पुरणाचा वास सुटला होता. दादांनी घसा साफ केला. "आप्पा, आपल्यात रीत काय हाय? थोरल्यानं वाटे पाडायचे आन धाकट्यानं आधी उचलायचा. व्हय का नाय?"

"व्हय, तीच रीत," आप्पा म्हणाले.

"मग पहिल्यांदा घराचे वाटे पाडतो. ही उत्तर," दादांनी आमच्या खोलीकडं बोट केलं. "आन ही दक्षिण. उचल म्हणावं धाकट्याला. कुणाकडून राहायचं ते त्यानं सांगावं."

नानांनी मान वर केली. कूलर उत्तरेकडं तोंड करून घरघरत होता. नानांनी आपल्या खोलीकडं पाहिलं, आमच्या खोलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम जमला. दक्षिण म्हणावं, तर पुन्हा त्या दात बघणाऱ्यांत जाऊन बसायचं. उत्तर म्हणावं, तर थोरल्या भावाची खोली मागितल्यासारखं व्हायचं.

"उत्तर," नाना म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, की कूलरमुळं आप्पांना ऐकू गेलं नाही आणि दादांना ते ओरडून परत सांगावं लागलं. "उत्तर म्हणतोय, आप्पा! उत्तर! घे बाबा, दिली. झाली वाटणी."

"आन शेत?" आप्पांनी विचारलं. "घर विकायचं म्हणत होतास ना?"

नाना जमिनीकडं बघत म्हणाले, "राहू द्या, आप्पा. पोरीची परीक्षा हाय."

"म्हंजी मला पाचोडाहून खोल्या बदलायला आणलं व्हय रे?" आप्पा कडाडले. आईनं घाईघाईनं पुरणपोळीचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. दोन पोळ्या गेल्यावर ते शांत झाले. तिसरीला म्हणाले, अशी वाटणी दर साल करायला हरकत नाय.

त्या दुपारी कपाटं, गाद्या, ट्रंका इकडच्या तिकडं आणि तिकडच्या इकडं झाल्या. काम संपल्यावर मी पाणी घेऊन दादांच्या नव्या खोलीत गेले. दक्षिणेच्या खोलीत दुपारी काय उकडायचं, ते मला तेव्हा कळलं. दादा पंख्याखाली बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला. मी विचारलं, "दादा, नाना उत्तरच उचलणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी तांब्या तोंडाला लावला, पाणी संपवलं आणि म्हणाले, "वाटे पाडताना थोरल्याला तेवढं बघावं लागतं. जा, अभ्यास कर." मला रडू आलं. मी त्यांच्या पाठीवरचा सदरा सोडवला आणि बाहेर येऊन वाचायला बसले. त्या दिवशी मी कारणं वाचली, पहिल्या ओळीपासून.

तुम्हाला वाटेल, आता तरी घरात शांती झाली असेल. छे! नानांना तो वारा लागेना. दादा उकाड्यात आणि आपण गारव्यात, हे त्यांच्या मनाला खाऊ लागलं. त्यांनी कूलरचं तोंड दक्षिणेकडं फिरवलं. दादांनी ते परत उत्तरेकडं केलं. आता उत्तर म्हणजे नाना आणि दक्षिण म्हणजे दादा. "मंदे, उत्तरेला सांग, मला वारा नको." "मंदे, दक्षिणेला सांग, मलाबी नको." घोडीचे पाय ओढून ओढून फरशीवर चरे पडले. वाऱ्यासाठी जेवढे भांडले नव्हते, तेवढे आता वारा नको म्हणून भांडायला लागले. अशा गोंधळात मी अमेरिकेचा पहिला पेपर द्यायला गेले.

पहिलाच प्रश्न कारणांचा होता. मी सुजाताच्या आवाजात सगळं आठवलं आणि लिहून काढलं. दुपारी उन्हातनं घरी आले तर ओट्यावर दादा आणि नाना शेजारी शेजारी बसलेले. अंगात नुसत्या बंड्या, डोक्यावर ओले पंचे, मधे टरबूज. घामानं दोघंही निथळत होते आणि एकमेकांशी चक्क बोलत होते.

"काय झालं? लाईट गेली?" मी विचारलं.

"लाईट हाय," नाना म्हणाले. "वारा गेला."

दादांनी हातातल्या टरबुजाच्या फोडीनं आत खूण केली. आत जाऊन पाहते तर कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडं! दोघींनी ओढत नेऊन घोडी थेट उंबऱ्याला टेकवलेली. शेगडी बंद. आई आणि काकू फरशीवर पाटावर डोकं ठेवून आडव्या पडलेल्या, पदर वाऱ्यानं फडफडतायत. मी आई दिवसा आडवी झालेली त्याआधी कधीच पाहिली नव्हती.

"कसा गेला गं पेपर?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"चांगला गेला. कारणं आली होती."

"आता पुढचा कशाचा?"

"युद्ध संपल्यानंतरचा. ती माणसं सुटली, तिथून पुढचा."

काकूनं एक डोळा उघडला. आई जराशी सरकली आणि तिनं शेजारची फरशी हातानं पुसली.

"मग बस हितं," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. आन या खेपंला काही गाळू नको."